मधल्या फोनमार्फत टॉवरपर्यंत: डी-टू-डी रिलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. विद्यार्थ्यांचे असतात, वायरलेसवाल्यांचे असतात आणि नुसत्या कुतूहलाने विचारणाऱ्यांचेही असतात. सोयीसाठी दोन नावं ठरवून घेऊ. ज्याला टॉवर नीट मिळत नाही तो ‘दूरचा फोन’ आणि जो त्याचं बोलणं पुढे पोचवतो तो ‘मधला फोन’.

१. डी-टू-डी रिले म्हणजे नेमकं काय?

एरवी दोन फोन शेजारी-शेजारी असले तरी त्यांचा प्रत्येक बिट टॉवरला जाऊन परत येतो. डी-टू-डी (डिव्हाइस-टू-डिव्हाइस) म्हणजे हा फेरा टाळून एका फोनने दुसऱ्याशी थेट रेडिओवर बोलणं, आणि तेही मोबाइल नेटवर्कच्याच स्पेक्ट्रममध्ये, नेटवर्कच्याच नियमांनी. फोन आणि टॉवर यांच्यातल्या दुव्याला मानकात ‘यूयू’ म्हणतात आणि फोन-फोन दुव्याला ‘पीसी५’. या दुसऱ्या दुव्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव साइडलिंक.

रिले ही त्यापुढची पायरी. दूरचा फोन साइडलिंकवरून मधल्या फोनला डेटा देतो, मधला तो आपल्या यूयू दुव्यावरून टॉवरकडे पाठवतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं.

२. मग हे हॉटस्पॉटच झालं की!

वरवर पाहिलं तर हो, पण नेटवर्कच्या नजरेतून नाही. हॉटस्पॉटवर तुमचा लॅपटॉप नेटवर्कला दिसतच नाही. सगळा डेटा हॉटस्पॉट देणाऱ्याच्या नावावर पडतो, पासवर्ड हाताने द्यावा लागतो आणि वायफाय परवानामुक्त पट्ट्यात चालतं. रिलेमध्ये मधला फोन शोधणं, जोडणं आणि बदलणं फोन आपोआप करतात. दूरच्या फोनची स्वतःची ओळख नेटवर्कला कळते आणि वेळेचे तुकडे कोणी कधी वापरायचे यावर टॉवरचा ताबा राहू शकतो. हॉटस्पॉटच्या सर्वात जवळ जाणारा रिलेचा प्रकार प्रश्न ९ मध्ये आहे.

३. ब्लूटूथवरची मेश ॲप्स हेच करतात ना?

कल्पना तीच, रेडिओ वेगळा. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट हे ॲप गाजलं ते याच कारणाने. गर्दीतले फोन एकमेकांचे संदेश पुढे ढकलत होते आणि त्यासाठी मोबाइल डेटा लागत नव्हता. पण ब्लूटूथचा पल्ला काही दहा मीटरचा, पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि तिथे कोणीही कधीही बोलणार. गर्दी विरळ झाली की साखळी तुटते. सेल्युलर साइडलिंकमध्ये ताकद जास्त, पट्टा राखीव आणि वेळा आखलेल्या, त्यामुळे त्याच्याकडून खात्रीच्या सेवेची अपेक्षा ठेवता येते. त्याची किंमत म्हणजे परवानगी लागते.

४. माझ्या फोनमध्ये हे कुठून चालू करायचं?

बहुधा कुठूनच नाही. सर्वसाधारण फोनच्या सेटिंगमध्ये असा पर्याय नसतो. मॉडेम चिपमध्ये साइडलिंकची सोय हवी, फोनला अपलिंकच्या (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या) फ्रिक्वेन्सीवर ऐकताही यायला हवं (कारण प्रश्न ६ मध्ये) आणि ऑपरेटरने तुमच्या सिमला अधिकृत करायला हवं. तिन्ही एकत्र जुळलेली यंत्रं मुख्यतः आपत्कालीन दलांसाठी आणि वाहनांसाठी बनतात. ‘लपलेला मेनू उघडून रिले सुरू करा’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

५. ही कल्पना ५जीची आहे का?

नाही, बरीच जुनी आहे. एडवर्ड व्हान डर म्यूलन यांनी १९७१ मध्ये तीन टोकांच्या संदेशवहनाचं गणित मांडलं. १९७९ मध्ये थॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांच्या शोधनिबंधाने ‘रिले चॅनेल’ हा विषय पक्का केला. (सर्वसाधारण रिले चॅनेलची नेमकी क्षमता अजूनही कोणाला काढता आलेली नाही, हे ऐकून विद्यार्थ्यांना बरं वाटतं.) १९९० च्या दशकाच्या शेवटी ३जीच्या आखणीत फोनाफोनांतून उड्या मारण्याची ‘ओडीएमए’ नावाची योजना आली होती, ती मागे पडली.

खरा रेटा आला तो अग्निशमन, पोलीस अशा दलांकडून. त्यांच्या टेट्रा या डिजिटल रेडिओ प्रणालीच्या वॉकीटॉकींना टॉवरशिवाय थेट बोलता यायचं, शिवाय एखादं यंत्र मध्ये ठेवून नेटवर्कशी सांधताही यायचं. एलटीईवर (४जीवर) यायचं तर ही सोय सोडून कसं चालेल? म्हणून मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने रिलीज १२ मध्ये (मानकाच्या क्रमांकित आवृत्तीला रिलीज म्हणतात) थेट शोध आणि थेट संवाद आणला आणि रिलीज १३ मध्ये फोन-ते-नेटवर्क रिले. ५जीच्या साइडलिंकची सुरुवात रिलीज १६ मध्ये वाहनांसाठी झाली, रिले रिलीज १७ मध्ये आला आणि फोन-ते-फोन रिलेचा विस्तार रिलीज १८ मध्ये.

६. साइडलिंक कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं? अपलिंकच का निवडलं?

मोबाइलच्या परवानाधारक पट्ट्यात चालवायचं तर अपलिंकच्या जागेत, म्हणजे एरवी फोन जिथे टॉवरकडे बोलतात तिथे. कारणं सरळ आहेत. लोक पाठवतात कमी आणि मागवतात जास्त, त्यामुळे अपलिंक तुलनेने मोकळं असतं. त्या पट्ट्यात प्रक्षेपण करायला फोनला आधीपासूनच मुभा असते. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे गोंगाट झाला तर तो टॉवरच्या कानात होतो. साइडलिंक कुठे चालू आहे हे टॉवरला ठाऊक असतं, तो त्याच्याभोवती आखणी करू शकतो. डाउनलिंकवर, म्हणजे टॉवर फोनांशी बोलतो त्या जागेत, बोललो असतो तर शेजारच्या टेबलावरच्या परक्या फोनचं ऐकणं बिघडलं असतं आणि त्या बिचाऱ्याला ते का बिघडलं हेही कळलं नसतं.

याची दुसरी बाजू अशी की टॉवरच्या जवळ उभ्या असलेल्या फोनने साइडलिंकवर पूर्ण ताकदीने बोललं तर टॉवरला लांबचे फोन ऐकू येणार नाहीत. म्हणून कव्हरेजमधल्या फोनची साइडलिंक ताकद टॉवरपासूनच्या पथहानीनुसार (वाटेत सिग्नल किती विरतो त्यानुसार) खाली आणता येते. वाहनांसाठी मात्र ५.९ गिगाहर्ट्झचा वेगळा पट्टा आहे, तिथे ही अडचण नाही.

७. रिले लावला की स्पीड वाढतो की कमी होतो?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात जास्त चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न. दोन्ही होऊ शकतं. थोडं गणित करू, त्याशिवाय पटत नाही.

समजा मधला फोन बरोबर निम्म्या अंतरावर आहे आणि सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने विरतो, जे शहरी जमिनीवर अनेकदा जवळपास खरं असतं. अंतर निम्मं झालं की सिग्नल १६ पट, म्हणजे १२ डेसिबलने वाढतो. पण मधला फोन एका वेळी एकच काम करतो, अर्धा वेळ ऐकतो आणि अर्धा वेळ पुढे पाठवतो. म्हणजे १६ पट सिग्नल मिळाला तरी वेळ निम्माच हाती.

आता थेट दुवा कमजोर धरा, सिग्नल आणि गोंगाट सारखेच. दिलेल्या सिग्नल-गोंगाटात जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात ते सांगणाऱ्या शॅननच्या सूत्राने थेट वाटेवर दर हर्ट्झला सेकंदाला १ बिट जातो. रिलेच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला ४.०९, त्याचं निम्मं २.०४. दुप्पट फायदा! पण थेट दुवा आधीच चांगला असेल, सिग्नल गोंगाटाच्या १०० पट, तर थेट वाटेवर ६.६६ बिट आणि रिलेवर १०.६४ चं निम्मं, म्हणजे ५.३२. इथे रिले लावून तोटाच झाला. या मांडणीत बरोबरी होते ती थेट सिग्नल गोंगाटाच्या १४ पट असताना, म्हणजे सुमारे ११.५ डेसिबलला. त्याच्या वर रिलेचं नाव काढू नये.

हे गणितही रिलेला झुकतं माप देणारं आहे. टॉवरचा अँटेना २५-३० मीटर उंचीवर असतो, फोन मात्र हातात किंवा खिशात. दोन फोनांमधला दुवा माणसं, गाड्या, फर्निचर यांच्यातून वाट काढतो, त्यामुळे पहिल्या टप्प्याला पूर्ण १२ डेसिबल क्वचितच पदरात पडतात. म्हणून माझ्या मते रिलेचा खरा उपयोग अंतर तोडण्यात नाही, भिंती चुकवण्यात आहे. तळघरातला फोन आणि जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला मधला फोन हे त्याचं हक्काचं चित्र. तिथे काँक्रीटचा स्लॅब जे गिळणार होता तेच वाचतं.

८. मधला फोन सिग्नल नुसता मोठा करतो, की वाचून पुन्हा पाठवतो?

वाचून पुन्हा पाठवतो. नुसतं मोठं करण्याची पद्धत आहे, इमारतींवरचे सिग्नल बूस्टर तेच करतात. पण त्यात गोंगाटही मोठा होतो. दोन्ही टप्प्यांवर सिग्नल गोंगाटाच्या १० पट असेल तर नुसत्या वर्धनाने शेवटी हाती येतात जेमतेम ४.८ पट. वाचून, चुका दुरुस्त करून नव्याने पाठवलं तर प्रत्येक टप्पा आपापल्या १० पटीवर चालतो. बदल्यात थोडा वेळ जातो आणि मधल्या फोनच्या प्रोसेसरला काम पडतं.

९. मधल्या फोनचा मालक माझा मजकूर वाचू शकतो का?

नेटवर्कचे नियम एकावर एक थरांत मांडलेले असतात, आणि रिले कोणत्या थरावर चालतोय यावर उत्तर ठरतं. ५जीच्या मानकात दोन प्रकार आहेत.

थर-२ रिलेमध्ये दूरच्या फोनचं स्वतःचं नातं थेट टॉवरशी असतं. कुलूपबंदी करणारा पीडीसीपी हा थर दूरच्या फोनवर सुरू होतो आणि टॉवरवरच उघडतो. मधल्या फोनच्या हातात येतं ते बंद पाकीट. ते कोणाचं आणि कोणत्या वाहिनीचं, एवढंच तो बाहेरून वाचतो आणि पुढे सरकवतो.

थर-३ रिलेमध्ये मधला फोन राउटरसारखा वागतो. साइडलिंकचं कुलूप त्याच्याकडे उघडतं आणि यूयूसाठी तो नवं लावतो, म्हणजे मधल्या क्षणी आयपी पॅकेट त्याच्या हातात उघडं असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी सोय आहे. दूरचा फोन नेटवर्कमधल्या एन३आयडब्ल्यूएफ या दाराशी आयपीसेक (कुलूपबंद) बोगदा बांधतो आणि मधल्याला पुन्हा फक्त पाकीट दिसतं. शिवाय आजचं बहुतेक वेब आणि मेसेजिंग वरच्या पातळीवरही कुलूपबंद असतंच.

एक गोष्ट मात्र कुठलंही कुलूप लपवत नाही. शेजारी कोणीतरी आहे, आत्ता बोलतंय आणि साधारण किती बोलतंय, हे मधल्या फोनला कळतंच.

१०. इतक्या फोनांतून मधला कोण, हे ठरवतं कोण?

एक प्रसंग सुरुवातीपासून पाहू. तळघरातल्या फोनला टॉवरचा सिग्नल ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेलेला दिसतो. तेव्हाच त्याला रिले शोधायची मुभा मिळते. शोध दोन तऱ्हांनी होतो. मधले फोन अधूनमधून ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतात, किंवा दूरचा फोन ‘कोणी आहे का’ विचारतो आणि लायक असलेला उत्तर देतो. हाळीत रिले सेवेचा एक कोड असतो, तो जुळला तरच पुढची बोलणी.

मधला होण्यासाठीही अट आहे. त्याला टॉवर पुरेसा चांगला मिळायला हवा, नाहीतर आंधळ्याला आंधळा वाट दाखवणार. पण नेटवर्क वरची मर्यादाही घालू शकतं. टॉवरच्या अगदी पायथ्याशी असलेल्याने रिले व्हायला धावू नये, कारण सेलच्या कडेला असलेल्या गरजवंतांच्या तो जवळ नसतो आणि त्याच्या हाळ्यांनी गोंगाट तेवढा वाढतो.

मग दूरचा फोन हाळीच्या सिग्नलची ताकद मोजतो. उंबरठ्यावर काठावर उभ्या असलेल्या फोनाफोनांत सारखी उडी पडू नये म्हणून त्यात थोडी ढील ठेवलेली असते. एलटीईमध्ये सर्वात बलवान दुवा निवडायचा असा नियम होता. ५जीमध्ये अटी पूर्ण करणाऱ्यांतून कोणाला घ्यायचं हे फोनच्या निर्मात्यावर सोडलं आहे. हा निर्णय मला अर्धवट वाटतो. मधल्याची बॅटरी किती उरली आणि तो आधीच किती जणांना वाहतोय, याला निवडीत पक्कं स्थान हवं होतं.

११. टॉवरच मिळत नाही तर दूरच्या फोनला वेळ कशी कळते?

दुसऱ्या फोनकडून. कव्हरेजमधला फोन टॉवरचं घड्याळ साइडलिंकच्या समक्रमण सिग्नलमधून पुढे देतो. त्याला ऐकणारा कव्हरेजबाहेरचा फोन ते अजून पुढे देऊ शकतो. घड्याळ किती हात फिरून आलंय याची खूण सिग्नलमध्येच असते, त्यामुळे टॉवरच्या जास्त जवळचं घड्याळ निवडता येतं. कोणाचंच ऐकू आलं नाही तर फोन स्वतःच घड्याळ होतो आणि आसपासचे त्याच्यामागे लागतात. वाहनांच्या साइडलिंकमध्ये उपग्रहांवरून मिळणारी वेळही चालते.

१२. भूकंपात सगळे टॉवर पडले तर हे उपयोगी पडेल?

फोन-ते-नेटवर्क रिले नाही, कारण त्याला दुसऱ्या टोकाला जिवंत टॉवर लागतोच. थेट फोन-ते-फोन संवाद आणि फोन-ते-फोन रिले चालू शकतात, पण त्यासाठीची फ्रिक्वेन्सी, ताकद आणि अधिकार आधीच यंत्रात भरून ठेवलेले असावे लागतात.

इथे एक खोच आहे. ही भरून ठेवलेली माहिती भौगोलिक क्षेत्राला बांधलेली असते. परवाना अमुक भागापुरता, तर बोलणंही तिथेच. आपण त्या क्षेत्रात आहोत याची खात्री फोनला पटली नाही, तर ऑपरेटरच्या ताब्यातल्या फ्रिक्वेन्सीवर त्याने गप्प बसायचं असतं. म्हणजे जमिनीखाली, जिथे जीपीएसही पोचत नाही, तिथे नियम आणि गरज समोरासमोर येतात. आपत्कालीन दलांच्या यंत्रांची तयारी करणाऱ्यांनी ही बाब आधीच तपासावी.

१३. दुसऱ्याच्या कामासाठी माझी बॅटरी का जाळू?

प्रामाणिक प्रश्न आहे, आणि सामान्य फोनांत रिले न रुजण्यामागे तांत्रिक अडचणींइतकाच हाही मुद्दा आहे. फोनची कमाल प्रक्षेपण ताकद साधारण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. पण खर्च फक्त बोलण्याचा नसतो. हाळ्या ऐकण्यासाठी, समक्रमण देण्यासाठी रेडिओ जागा ठेवावा लागतो आणि ती झोपमोड जास्त महाग पडते. बक्षीस म्हणून डेटा देणं, पतगुण देणं अशा योजना शोधनिबंधांत ढिगाने आहेत. ग्राहकांच्या पातळीवर त्यातली एकही सवयीची झालेली नाही.

आपत्कालीन दलांत हा प्रश्नच येत नाही, कारण सगळे एकाच कामावर असतात. शिवाय अमेरिकेत सार्वजनिक सुरक्षेसाठी राखलेल्या बँड १४ मध्ये ३१ डीबीएमची, म्हणजे सुमारे सव्वा वॅटची यंत्रं चालतात.

१४. मधला माणूस चालता झाला तर माझा कॉल तुटेल?

थर-२ मध्ये टॉवर स्वतः वाट बदलून देतो, कारण दूरचा फोन त्याच्याच नोंदीत असतो. रिलीज १७ मध्ये ही अदलाबदल एकाच टॉवरच्या हद्दीत होत होती. रिलीज १८ ने ती दोन टॉवरांदरम्यान आणली आणि थेट व रिले अशा दोन्ही वाटा एकत्र वापरण्याची सोयही दिली. थर-३ मध्ये मधला बदलला की आयपी पत्ता बदलू शकतो, तेव्हा सातत्य ॲपने किंवा प्रश्न ९ मधल्या बोगद्याने राखायचं. मधल्या फोनचा स्वतःचा टॉवरशी दुवा तुटला तर तो साइडलिंकवर तसं कळवतो आणि दूरचा फोन नवा शोध सुरू करतो.

१५. रिलेमागे असताना मला कोणाचा कॉल आला तर फोनला कसं कळेल? टॉवर तर ऐकूच येत नाही.

छान प्रश्न, फार कमी लोक विचारतात. थर-२ मध्ये दूरचा फोन आपली ओळख आणि टॉवर आपल्याला कोणत्या ठराविक क्षणी हाक मारतो ते मधल्याला सांगून ठेवतो. मधला स्वतःच्या हाकेबरोबर याच्याही हाकेवर कान ठेवतो आणि आली की साइडलिंकवर पोचवतो. सेलची मूलभूत माहितीही अशीच पुढे दिली जाते. थर-३ मध्ये हाक मधल्या फोनच्याच नावाने येते.

१६. पाच-दहा फोनांची साखळी का नाही करत?

प्रश्न ७ चं गणित दर उडीला पुन्हा लागू होतं. तीन टप्प्यांत वेळेचे तीन भाग, चारात चार. विलंब साठत जातो आणि एक कडी हलली की सगळंच हलतं. म्हणून रिलीज १७ आणि १८ मध्ये एकच मधला फोन गृहीत धरला आहे. आपत्कालीन दलांच्या आग्रहाने एकापेक्षा जास्त उड्यांचा विचार त्यानंतर, रिलीज १९ मध्ये सुरू झाला.

१७. डेटा कोणाच्या खात्यातून जातो? आणि मधला फोन दुसऱ्या ऑपरेटरचा असेल तर?

थर-२ मध्ये दूरच्या फोनची वाहिनी त्याच्याच नावाची असते, त्यामुळे हिशोब सरळ. थर-३ मध्ये डेटा मधल्याच्या सत्रातून जातो, पण आपल्यामागे कोण आहे हे मधला नेटवर्कला कळवतो, म्हणजे हिशोब वेगळा काढायची सोय आहे. दोन ऑपरेटर गुंतले की तंत्रापेक्षा करार महत्त्वाचा. स्पेक्ट्रम एकाचा, ग्राहक दुसऱ्याचा. दोन्हीकडची परवानगी नसेल तर फोन एकमेकांना शोधणारच नाहीत.

१८. आपत्कालीन कॉल रिलेवरून लागतो का?

५जीमध्ये रिलीज १८ पासून मानकात तशी तरतूद आहे. मधला फोन हाळीतच सांगतो की आपण आपत्कालीन सेवा पुढे नेऊ शकतो. प्रत्यक्षात लागेल की नाही, ते प्रश्न ४ मधल्या तीन अटींवर.

१९. उपग्रहाशी थेट जोडणारे फोन आणि टॉवरांचे रिले हे याच कुळातले का?

नाही. उपग्रह म्हणजे आकाशातला टॉवर. मध्ये दुसऱ्या कोणाचा फोन नसतो. रिलीज १० मधलं रिले नोड आणि रिलीज १६ मधलं आयएबी (टॉवरला टॉवरशी बिनतारी जोडणारी सोय) हेही वेगळं, कारण तिथे ऑपरेटरने स्वतः बसवलेलं, विजेच्या जोडणीवरचं यंत्र पुढे पाठवतं. त्याची बॅटरी संपत नाही आणि ते उठून चालतही नाही.

२०. एका मधल्या फोनमागे चार-पाच दूरचे फोन असतील तर टॉवर त्यांच्यात गोंधळ कसा करत नाही?

थर-२ मध्ये यासाठी एसआरएपी नावाचा छोटा थर मध्ये घातला आहे. टॉवर प्रत्येक दूरच्या फोनला एक स्थानिक क्रमांक देतो, तो ८ बिटांचा असतो, आणि त्याच्या वाहिनीला ५ बिटांचा. टॉवरकडे जाणाऱ्या पाकिटावर हे दोन आकडे लागलेले असतात. उलट्या दिशेने टॉवरच ते लावून पाठवतो आणि मधला ते पाहून योग्य साइडलिंकवर वळवतो. क्रमांक त्या मधल्या फोनपुरताच खरा असतो, दुसऱ्या रिलेमागे तोच आकडा दुसऱ्या कोणाचा असू शकतो. दूरच्या फोनने मधला बदलला की स्थानिक क्रमांक नव्याने मिळतो.